सात टक्क्यांची जात

दोस्तांनो, दलालीलाही जात असते. गोदीतल्या मुकादमानं खाल्ली तर ती दस्तुरी. तलाठ्यानं खाल्ली तर चिरीमिरी. हवालदारानं खाल्ली तर हप्ता. आणि तोफा, पाणबुड्या, हेलिकॉप्टरं विकणाऱ्यांच्या माणसानं परदेशी बँकेतल्या खात्यात खाल्ली तर तिला म्हणायचं कमिशन, सल्ल्याची फी. अगदीच गळ्याशी आलं तर ‘करार गुंडाळण्याचा खर्च’. खाणं एकच. पण मुकादमाला आईवरून शिवी बसते आणि वरच्या दलालाला संसदेची समिती दाखला देते, की बाबा हा लाचेचा पैसा नव्हे. ही वर्णव्यवस्था नाही तर काय आहे?

हे लिहायला कारण घडलं. पाऊस सरता सरता आमच्या तिकोणा पेठेत पोरांचं अभ्यासशिबिर झालं. मुंबईची, पिंपरीची, देहूरोडची पोरं आली होती. मी संरक्षण खात्याच्या खरेदीवर बोलायला उभा राहिलो. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर पिंपरीचा एक मित्र उठला. चांगला वाचणारा, मोर्च्यात पुढं असणारा गडी. म्हणाला, बोफोर्स-फिफोर्स हे वरच्यांचं भांडण आहे. ताटातला घास कुणी जास्त उचलला एवढाच त्यांचा वाद. आपला प्रश्न अत्याचाराचा, जमिनीचा, शिष्यवृत्तीचा. भ्रष्टाचारविरोध हे सवर्णांचं नवं सोवळं आहे. टाळ्या पडल्या. मी तिथं दिलं ते उत्तर तोंडी आणि तुटक होतं. पुरतं उत्तर इथं देतो.

मित्राचं म्हणणं निम्मं खरं आहे. ते निम्मं त्याला आधीच देऊन टाकतो.

१९८९ ची निवडणूक बोफोर्सवर लढली गेली. शहरातला पांढरपेशा तेव्हा देशाच्या अब्रूसाठी रडत होता. विश्वनाथ प्रताप सिंग त्याचे देव झाले होते. त्याच सिंगांनी ७ ऑगस्ट १९९० ला मंडल आयोग लागू करत असल्याचं सांगितलं आणि देवाचा एका रात्रीत धोंडा झाला. चोरी चालेल, पण खुर्चीत वाटा मागणारा शूद्र चालणार नाही, हे पांढरपेशाच्या पोरांनी रस्त्यावर उतरून दाखवलं. चौकाचौकात बसून बूटपॉलिश करून दाखवलं : हे बघा, आता आमच्या नशिबी हे काम! ज्या कामावर आपल्या बापजाद्यांनी पोटं भरली ते त्यांच्या लेखी देशाची सगळ्यात मोठी बेअब्रू. ६४ कोटींची लाच त्यापुढं किरकोळ. त्याच सरकारनं १९९० मध्ये बाबासाहेबांना भारतरत्न दिलं, बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, आणि वर्ष संपायच्या आत ते सरकार गेलं.

तेव्हा मित्राला संशय येतो तो फुकट येत नाही. या लोकांचा भ्रष्टाचारविरोध आपल्या दाराशी आला की त्याचं आरक्षणविरोधात रूपांतर होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पण म्हणून प्रश्नच त्यांच्या ताब्यात सोडून द्यायचा? तळं त्यांच्या ताब्यात आहे म्हणून १९२७ मध्ये महाडला कुणी घरी बसलं नव्हतं. पाणी आपलं होतं. इथं पैसा आपला आहे.

बोफोर्स सगळ्यांना ठाऊक आहे. मी आधी पाणबुडीचं सांगतो, कारण ते आमच्या बंदराचं प्रकरण आहे.

११ डिसेंबर १९८१. भारत सरकार आणि पश्चिम जर्मनीतल्या कील शहराची एचडीडब्ल्यू ही जहाजं बांधणारी कंपनी यांच्यात चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ या दोघी जर्मनीत तयार होऊन १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. ‘शल्की’ माझगावातून १९९२ मध्ये निघाली, ‘शंकुल’ १९९४ मध्ये. ‘शल्की’ ही या देशात बांधलेली पहिली पाणबुडी. पाणबुडीच्या पोलादाला जोड देणं म्हणजे ग्रिलच्या दुकानातलं वेल्डिंग नव्हे. एक जोड कच्चा राहिला तर समुद्र आतल्या माणसांचा चेंदा करून टाकतो. माझगावच्या कामगारानं ते काम शिकून घेतलं. जर्मन साहेबाच्या बरोबरीनं करून दाखवलं.

आता सात टक्क्यांचं ऐका. १९८७ च्या सुरवातीला आणखी दोन पाणबुड्या घ्यायची बोलणी चालू होती. किंमत उतरवा, असं आपल्या सरकारचं म्हणणं. तेव्हा बॉनच्या भारतीय वकिलातीतून दिल्लीला तार आली. तिचा मतलब असा, की किंमत उतरत नाही, कारण तिच्यात सात टक्के कमिशन आधीच बांधलेलं आहे. विश्वनाथ प्रताप सिंग तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्यांनी ९ एप्रिल १९८७ ला चौकशीचा हुकूम काढला आणि १२ एप्रिलला त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. तीन दिवसांचा हिशेब आहे.

ती तार नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिच्यात आहे. आपल्या माणसांना वाटतं, लाच म्हणजे परदेशी कंपनीनं आपल्या खिशातून आपल्या पुढाऱ्याला दिलेले पैसे. तिच्या खिशातले गेले, आपलं काय जातं? दोस्तांनो, कंपनी आपल्या खिशातून दमडी देत नाही. शंभराच्या मालाची किंमत ती एकशे सात लावते. एकशे सात आपण भरतो. वरचे सात ती दलालाच्या खात्यात वळवते. म्हणजे आपण स्वतःला विकणाऱ्याला स्वतःच पगार देतो. आणि तुमच्या आईनं घेतलेल्या साबणाच्या वडीवर, काडेपेटीवर, मोबाईलच्या रिचार्जवर जो कर जातो त्यातूनच ते एकशे सात भरले जातात. मग हे वरच्यांचं भांडण कसं?

पुढं काय झालं? सीबीआयनं मार्च १९९० मध्ये गुन्हा नोंदवला. वर्षामागून वर्षं गेली. सरकारं आली, सरकारं गेली. शेवटी पुरावा हाती लागत नाही म्हणून सीबीआयनंच प्रकरण बंद करायला घेतलं. सात टक्के कुणी खाल्ले हे कोर्टात कधी उभं राहिलं नाही, म्हणून मीही कुणाचं नाव घेत नाही.

शिक्षा मात्र झाली. ती कामगाराला झाली. कंपनीशी व्यवहार थांबला, पुढच्या दोन पाणबुड्या आल्याच नाहीत, आणि ‘शंकुल’ बाहेर पडल्यावर माझगावातलं पाणबुडीचं काम थंडावलं. ज्यांनी ते अवघड काम हाताला लावून घेतलं होतं ते हात दुसरीकडं गेले, म्हातारे झाले. त्यानंतर माझगावात बांधलेली पाणबुडी नौदलात गेली ती ‘कलवरी’, १४ डिसेंबर २०१७ ला. तेवीस वर्षांनी! तीही फ्रेंचांच्या आराखड्यावर, पुन्हा परक्याकडून पहिल्यापासून शिकून. दलाली कुणी खाल्ली? हात कुणाचे रिकामे झाले? आणि गंमत अशी, की २०२५ मध्ये सरकार सहा नव्या पाणबुड्यांसाठी माझगाव डॉक आणि जर्मनांशी वाटाघाटीला बसलं, तेव्हा समोर कीलचीच ती जुनी कंपनी होती, थिसेनक्रुपच्या नव्या नावाखाली. मोठ्या कंपनीला नाव बदलून पुन्हा जन्म घेता येतो. वेल्डरला नाही.

आता तोफा. १६ एप्रिल १९८७ ला, म्हणजे सिंगांच्या राजीनाम्यानंतर चारच दिवसांनी, स्वीडनच्या रेडिओनं बातमी दिली : बोफोर्स कंपनीनं भारताचं कंत्राट मिळवायला लाच दिली. करार होता २४ मार्च १९८६ चा. १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा, किंमत १,४३७ कोटी. या करारात मध्यस्थ नाही, दलाल नाही, असं सरकार सांगत आलेलं. जून १९८७ मध्ये स्वीडनच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच सांगितलं, की पैसे दिले गेलेत. चित्रा सुब्रह्मण्यम या पत्रकार बाईनं कागद मिळवले, छापले. ते कागद देणारा माणूस म्हणजे स्वीडनचा तपास करणारा पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम, हे त्यानं स्वतः २०१२ मध्ये सांगितलं. म्हणजे पंचवीस वर्षं त्याला गप्प राहावं लागलं.

आणि आपल्याकडं? ऑगस्ट १९८७ मध्ये संसदेची संयुक्त समिती बसली. बहुतेक विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. एप्रिल १९८८ मध्ये अहवाल आला : मध्यस्थ नव्हता, लाच नव्हती; जे दिलं ते जुन्या एजंटांशी असलेले करार गुंडाळण्याचा खर्च. करार गुंडाळायला ६४ कोटी! गोदीत मला कामावरून काढलं तर माझा करार गुंडाळायला ठेकेदार चहासुद्धा पाजत नाही.

मग कोर्ट. गुन्हा नोंदला जानेवारी १९९० मध्ये. आरोपपत्र आलं ऑक्टोबर १९९९ मध्ये. तोवर इटलीचा ओत्ताविओ क्वात्रोची १९९३ मध्ये देश सोडून निघून गेला होता. कंपनीचा इथला एजंट विन चढ्ढा २००१ मध्ये मेला. माजी संरक्षण सचिव भटनागरही त्याच वर्षी गेले. राजीव गांधी १९९१ मध्येच मारले गेले होते. त्यांच्यावरचा लाचेचा आरोप दिल्ली उच्च न्यायालयानं २००४ मध्ये काढून टाकला. २००५ मध्ये हिंदुजा बंधू सुटले आणि त्याच निकालात न्यायमूर्तींनी ठपका ठेवला, की या तपासावर सरकारी तिजोरीतले सुमारे २५० कोटी गेले. २०११ मध्ये क्वात्रोचीवरचा खटला सरकारनंच मागं घेतला. २०१३ मध्ये तो सुखात मेला. २००५ च्या निकालावर सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली, केव्हा? ४,५२२ दिवस उशिरा. २ नोव्हेंबर २०१८ ला न्यायालयानं अपील उशिरासाठीच फेटाळलं. आम्ही गेटवर दहा मिनिटं उशिरा गेलो तर हजेरी कापली जाते. यांना बारा वर्षांचा उशीर पचतो.

आणि यात एक बारीक काटा आहे. लाच सिद्ध झाली नाही म्हणतात ना? आयकराच्या अपील लवादानं २०१० च्या शेवटच्या दिवशी निकाल दिला, की बोफोर्सच्या व्यवहारात चढ्ढा आणि क्वात्रोची यांना सुमारे ४१ कोटींचं कमिशन गेलं, आणि त्यावर कर लागतो. म्हणजे फौजदारी कोर्टात जो पैसा सापडत नाही तो कराच्या कचेरीत सापडतो!

काहीजण म्हणतील, तोफ चांगली निघाली, १९९९ मध्ये कारगिलला तिनंच डोंगर फोडले, मग कशाला उकरता? अरे बाबांनो, माल चांगला होता तर दलाली कशासाठी लागली? चांगला माल स्वतःच्या गुणावर विकला जातो. आणि या भानगडीनं त्या तोफेचंही वाटोळं झालं. कंपनीशी व्यवहार बंद, सुट्या भागांची बोंब. तोफ इथं बनवायचे आराखडे कराराबरोबर मिळाले होते, ते पडून राहिले. त्याच आराखड्यांवरून जबलपूरच्या कारखान्यानं ‘धनुष’ तोफ बनवली आणि लष्कराला दिली ती २०१९ मध्ये. इथल्या कामगाराला काम मिळायला पुन्हा तीस वर्षं.

आता आपल्या घरातलं बोलतो. झोंबेल. झोंबू दे.

ज्या संयुक्त समितीनं ‘लाच नव्हती’ म्हणून शिक्का मारला तिचे अध्यक्ष कोण होते? बी. शंकरानंद. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीच्या राखीव मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून गेलेले. आपल्या सीमाभागाच्या शेजारचा, आपल्यातला माणूस. मी म्हणत नाही त्यांनी पैसा खाल्ला. कुणीच म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की इतके उच्चवर्णीय वकील, बॅरिस्टर, संसदपटू त्या पक्षात असताना हे धुणं धुवायला नेमका राखीव जागेवरचा माणूस कसा सापडला? गावात मेलेलं ढोर ओढायला आपल्याला हाक मारायचे. दिल्लीत मेलेलं सत्य ओढायला मारली. फरक एवढाच, की इथं ढोर ओढणाऱ्याला खुर्ची मिळाली.

दुसरा माणूस बंगारू लक्ष्मण. भारतीय जनता पक्षाचा पहिला दलित अध्यक्ष. मार्च २००१ मध्ये ‘तहलका’च्या पत्रकारांनी शस्त्रविक्रेत्यांचं सोंग घेतलं, खोटी कंपनी उभी केली आणि छुप्या कॅमेऱ्यासमोर त्याच्या हातात एक लाख रुपये ठेवले. त्यानं घेतले. साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. २८ एप्रिल २०१२ ला त्याला चार वर्षं सक्तमजुरी झाली. तो तिहारमध्ये गेला. त्याच तहलका प्रकरणात समता पक्षाच्या जया जेटली यांना जुलै २०२० मध्ये चार वर्षं झाली. उच्च न्यायालयानं त्याच दिवशी शिक्षेला स्थगिती दिली.

बंगारूसाठी मी एक अश्रू ढाळणार नाही. मनूच्या दुकानात मॅनेजर व्हायला गेला, गल्ल्यात हात घातला, सापडला. लाच ती लाच. जातीचा आहे म्हणून पांघरूण घालायचं असेल तर मग क्वात्रोचीला शिव्या देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. पण तराजू बघा. खोट्या सौद्यातले एक लाख म्हणजे चार वर्षं. खऱ्या सौद्यातले ६४ कोटी म्हणजे ४,५२२ दिवसांचा उशीर आणि सगळे घरी. एका दलिताला झाकायला बसवलं, दुसरा दलित उघडा पडला. सौदा ठरवायला मात्र आपल्यातल्या कुणाला बोलावलं नाही, आणि बोलावलं नाही म्हणून मला दुःखही नाही. मला त्या टेबलावर आपली खुर्ची नकोय. मला ते टेबल उलटं झालेलं बघायचंय.

कामगारवाल्यांनीही फार हसू नये. मी रोज कामाला जातो तो रस्ता पी. डिमेलोच्या नावाचा आहे. गोदी कामगारांचा तो पुढारी. त्याच्या हाताखाली कोवळ्या वयात जॉर्ज फर्नांडिस मुंबईत युनियन शिकले. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, १९७४ मध्ये रेल्वे बंद पाडली. आमचे म्हातारे अजून जॉर्ज म्हटलं की छाती फुगवतात. तेच जॉर्ज पुढं संरक्षणमंत्री झाले, आणि तहलकाच्या कॅमेऱ्यात जे बोलणं पकडलं गेलं ते झालं होतं त्यांच्या सरकारी बंगल्यात. मार्च २००१ मध्ये राजीनामा दिला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मंत्री. कारगिलनंतर अमेरिकेतून आणलेल्या शवपेट्यांच्या किमतीवर महालेखापरीक्षकांनी २००१ मध्ये बोट ठेवलं. जॉर्जवर काही सिद्ध झालं नाही, शवपेट्यांच्या खटल्यातले आरोपीही २०१३ मध्ये पुराव्याअभावी सुटले. हेही सांगायला पाहिजे. पण गोदीतला पुढारी शस्त्रांच्या खात्यात जाऊन बसला आणि तिथली दलालांची येजा तशीच राहिली, हे कामगार चळवळीनं कधी स्वतःला विचारलं का? माणूस आपला असला म्हणून खातं आपलं होत नाही.

हे सगळं जुनं आहे असंही समजू नका. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं नव्हतं तेव्हा, १९४८ मध्ये, लंडनमध्ये जीपगाड्यांचा सौदा झाला होता. कृष्ण मेनन तिथं आपले हायकमिशनर. दोन हजार जीप ठरल्या, आल्या १५५, त्याही चालण्याच्या लायकीच्या नव्हत्या. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटलं म्हणून सांगितलं, १९५६ मध्ये मेनन मंत्री, पुढं संरक्षणमंत्री. आणि १९५७ आणि १९६२ ला त्यांना निवडून कुणी दिलं? आमच्या उत्तर मुंबईनं! तेव्हा विसरण्याची कला आपणही जाणतो.

मित्र म्हणाला आपला प्रश्न जमिनीचा. बरं. मग ज्या मातीवर बसून तो बोलला त्या मातीचंच बोलू. तिकोणा पेठ म्हणजे तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, समोर पवना धरणाचं पाणी. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची पोरं त्या पाण्याकाठी तंबू ठोकून मजा मारतात. तळाशी कुणाची शेतं आहेत हे त्यांना कोण सांगणार? या मावळाला ‘देशासाठी’ हा शब्द तोंडपाठ आहे. १९२१ मध्ये शेजारी मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांच्या मागं शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, हरले. १९७२ मध्ये पवना धरण उभं राहिलं. पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही धरणग्रस्त जमिनीसाठी मोर्चे काढत होते. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघं मेले, एक बाई त्यात. तिथं ४,५२२ दिवसांचा उशीर झाला नाही. गोळी त्याच दिवशी सुटली.

आणि याच पट्ट्यात संरक्षण खातं पावलोपावली आहे. लोणावळ्याला नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’, जहाजांच्या यंत्रांचं शिक्षण देणारी. खाली देहूरोडला दारूगोळ्याचा डेपो आणि कारखाना. पुढं खडकीला दारूगोळा कारखाना. या कारखान्यांनी आपल्या कितीतरी घरांना पहिला पगार दिला, गावकीतून बाहेर काढलं. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. सैन्यात तर आपण आधीपासून आहोत. १८१८ ला कोरेगावला होतो. इंग्रजानं मध्येच भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे अर्ज लिहून लिहून झिजले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे दारूगोळा भरायला आपण, तो वाहायला आपण, तोफेमागं आपण, शवपेटीत आपण. फक्त सह्या होतात त्या खोलीचा दरवाजा आपल्याला बंद. आणि दार ठोठावलं की आतून आवाज येतो : गप्प, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे!

ही गुप्तता म्हणजे नवं वेदपठण आहे. ऐकलंस तर कानात शिसं. शत्रूला आपल्या तोफेचा पल्ला कळू नये हे मला समजतं. पण सात टक्के कुणाच्या खात्यात गेले हे शत्रूपासून का लपवायचं? तो आकडा जर्मन कंपनीला माहीत, स्विस बँकेला माहीत, दलालाला माहीत. माहीत नाही फक्त मला, ज्याचा पैसा आहे. मग शत्रू कोण ठरला?

मी एका ठेकेदाराकडं हजेरीवर राबतो. मुकादम हजेरीमागं आपला हिस्सा कापतो. न देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नाही. संध्याकाळी बाहेर पडताना अंगाची झडती, डब्याची झडती. मूठभर साखर सापडली तर माणूस आयुष्यातून उठतो. मी म्हणत नाही साखर न्यावी. मी म्हणतो झडतीची रांग पुढं वाढवा. गेटवरून मंत्रालयापर्यंत, मंत्रालयातून साउथ ब्लॉकपर्यंत, तिथून झुरिकपर्यंत. मुकादमाचं कापणं आणि त्या दलालाचं कापणं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. खालचं टोक तोडायचं तर वरचं हातात घ्यावं लागेल. म्हणून मित्रा, हा आपला प्रश्न आहे.

काय करायचं? मोठं काही सांगत नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल हे फुकट मिळणारं वाचन आहे. चार जणांनी मिळून वाचा, कळेल अशा मराठीत वस्तीतल्या फळ्यावर लिहा. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा ज्या गुप्त संस्थांना वगळतो त्यांनाही भ्रष्टाचाराच्या आरोपाबद्दल विचारलं तर माहिती देण्याची वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. अर्ज ठोका, नाकारला की अपील ठोका. डॉकमधल्या आणि दारूगोळा कारखान्यांमधल्या युनियनांनी पगारवाढीच्या मागणीखाली एक ओळ वाढवावी : या सौद्यात मध्यस्थ कोण, त्याला किती, जाहीर करा.

आणि निळा झेंडा गाडीला लावून जो कुणी मत मागायला वस्तीत येईल त्याला जयभीम घालायच्या आधी विचारा : उद्या तुला समितीचं अध्यक्ष केलं आणि समोर असाच कागद आला, तर तू काय लिहिशील? उत्तर द्यायला अडखळला तर त्याला तिथूनच परत पाठवा. राखीव जागा बाबासाहेबांनी भांडून मिळवली ती आपलं तोंड उघडायला. दुसऱ्याचं पाप झाकायला नाही.